खिळे

आमच्या छापखान्यात खिळे इंग्लंडातून यायचे,
लाकडी पेट्यांतून, गवतात गुंडाळून,
इंग्रजीच्या हिशेबाने मोजलेले.
म्हणून वेल्श मजकूर जुळवताना
पान अर्धं होईतो ऊ संपायचा,
आणि के, ज्याचं आमच्या भाषेत कामच नाही,
तो घर भरून पडलेला.
एका हिवाळ्यात त्या घरात उंदरीण व्यायली.

मी एकोणीस वर्षांची. बाबांची नजर अधू झालेली.
गावात गुत्ता एक, चॅपलं तीन,
आणि कवी दोन.

मॉर्दकाय प्रीस उपदेशक.
ओळीच्या पहिल्या अर्ध्यात जी व्यंजनं
तीच दुसऱ्या अर्ध्यात, त्याच क्रमाने,
शनिवारी रात्री पुसून
दाराशी जोडीने लावलेल्या बुटांसारखी.
एक खिळा इकडचा तिकडे झाला
तर मुद्रितावर बोट ठेवून म्हणत,
"मुली, इथे स्वर्गाचं दार करकरतंय."
मरण म्हणजे नदी, नदीपलीकडे दिवा.
स्वल्पविराम पुष्कळ.
त्यांना कसलीच घाई नव्हती.

इथेल खाणीत. डाव्या हाताला साडेतीन बोटं.
कविता आणायचा पाटीच्या कपच्यांवर, खडूने लिहून,
कोटाच्या आत पोटाशी धरून, पावसाने पुसू नये म्हणून.
म्हणायचा, "दगड काय यमक जुळवून फुटतो?"
मला वाटायचं, फुटतो की.
आपला दगड तर पानापानाने सुटतो,
कुणीतरी आधीच बांधून ठेवलेल्या वहीसारखा.
पण मी बोलले नाही.
देवाचं विचारलं तर:
"त्याची-माझी ओळख नाही.
मालकाची आहे म्हणतात."

लोक भांडायचे. न्हाव्याकडे, पिठाच्या दुकानात,
एकदा तर मयताच्या जेवणावर.
खरा कवी कोण, आणि नरकात कोण जाणार,
हे दोन प्रश्न त्यांना एकच वाटायचे.
मला विचारलं असतं तर सांगितलं असतं,
प्रीसांना ऊ जास्त लागतात.

मग मार्चात, तिसऱ्या गॅलरीत, उशिरा उडालेला सुरुंग.
एम्रिस. तेरा वर्षांचा.
दोघांनी लिहायचं ठरलं, एकाच कागदावर,
दोनशे प्रती, पैसे त्याच्या आईला.

प्रीसांची आली. चार ओळी.
बूट जोडीने नव्हते.
नदी होती, दिवा नव्हता,
स्वल्पविराम एकही नाही.
मी म्हटलं, काही राहिलंय का?
ते म्हणाले, "जसं आहे तसं लाव,"
आणि हॅट टेबलावरच विसरून गेले.

इथेलची आली. सात कपच्या, बावीस ओळी,
जुन्या कडक वृत्तात,
एकेक व्यंजन आपल्या जोडीदारासमोर उभं.
कधी शिकला, कुणाकडून, कळेना.
मी नुसतं बघत राहिले तर म्हणाला,
"तिला पाठ व्हायला हवी.
मोकळी ओळ रडताना हातातून सुटते."

दोन्ही एकदम लावायला ऊ पुरेनात.
आधी प्रीसांची छापली,
चौकट सोडली, खिळे धुतले,
आणि त्यांच्या 'दिऊ'तला, म्हणजे देवातला, ऊ काढून
इथेलच्या 'पोउदूर'मध्ये बसवला,
सुरुंगाच्या दारूत.
बोटांना फरक कळला नाही.
कोमट पाण्यातून काढलेलं शिसं, इतकंच.
बाबांनाही सांगितलं नाही.

एम्रिसच्या आईला वाचता येत नव्हतं.
तिने कागद दोन्ही हातांनी घेतला,
बरोबर मधोमध दुमडला,
कवितेवर कविता येईल असा,
आणि पोलक्यात ठेवून वर शाल ओढली.

शाई अजून ओली आहे
हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.